हँडबॉलवाली क्वार्टरबॅक आणि नेटवरून काढलेले प्ले: नक्की काय बदलू?

होम_मैदान_सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात आम्ही काही पोरंपोरी मिळून फ्लॅग फुटबॉल खेळतो, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच, पण अंगावर पाडायचं नाही, कमरेचा फ्लॅग ओढायचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आहे म्हटल्यापासून सगळ्यांना लई जोर आलाय. मैदानाचं विचारू नका. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत होम मैदानावर पाळणे लागतात, मग जिथं जागा मिळेल तिथं चुना टाकायचा.

आता अडचण. माझ्याकडं नेटवरून काढलेलं प्ले-बुक (आखलेल्या चालींचं, म्हणजे प्लेंचं पुस्तक) आहे, झेरॉक्स मारून लॅमिनेट केलेलं. निम्म्याहून जास्त प्ले एकाच साच्यातले: क्वार्टरबॅकनं (पास फेकणाऱ्यानं) पाच पावलं मागं जायचं, थांबायचं, आधी डावीकडचा रिसीव्हर (पास झेलणारा) बघायचा, मग मधला, मग लांबचा. आमची क्वार्टरबॅक आहे हँडबॉल खेळलेली पोरगी. पळता पळता, हात कमरेच्या जरा वर ठेवून बाजूनं असा बॉल सोडते की थेट रिसीव्हरच्या छातीवर. उजवीकडं पळत असेल तर बघायलाच नको. पण तिलाच जागेवर उभं करून पंचवीस यार्ड टाक म्हटलं की बॉल डगमगतो, टोक वर करतो आणि मधेच खाली येतो. तोवर सात यार्डांवरून तिच्यावर सुटलेला समोरचा रशर तिच्या फ्लॅगपाशी पोचलेला असतो.

संघातले दोघं म्हणतात, क्वार्टरबॅक बदला, एक उंच पोरगा आहे, चाळीस यार्ड फेकतो. फेकतो खरा, कुणाकडं जाईल ते त्यालाही माहीत नसतं. मला पोरगी बदलायची नाही. मग प्ले किती बदलू? का आधी तिचा हात तयार करून घेऊ?

रात्रपाळीवाला

मालक, पोरगी ठेवा, लॅमिनेशन रद्दीत घाला.

मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. रविवारी रात्री लूम नीट चालले की मोबाइलवर एनएफएल (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) लावतो. कोचिंग कधी केलं नाही, पण बघितलंय भरपूर.

हात तयार व्हायचा तेव्हा होईल, मॅच काही त्यासाठी थांबत नाही. बिल वॉल्श एनएफएलच्या सिनसिनाटी बेंगॉल्स संघात सहायक कोच होता. १९६९ मध्ये त्याच्याकडं ग्रेग कुक नावाचा दमदार हाताचा क्वार्टरबॅक आला आणि पहिल्याच हंगामात त्याचा खांदा गेला. १९७० मध्ये त्याच्या जागी व्हर्जिल कार्टर. लांब टाकायची ताकद बेताची, पण डोकं चालतं, पायात चपळाई आणि जवळचा पास अचूक. वॉल्शनं मग सगळा हल्लाच आखूड केला. मैदान लांबीला ताणण्याऐवजी रुंदीला ताणलं, पाच-दहा यार्डांचे पास अगदी ठरल्या वेळेला. १९७१ मध्ये पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला कोण, तर हाच कार्टर. पुढं वॉल्शच्याच सॅन फ्रान्सिस्को संघात क्वार्टरबॅक जो मोंटानाच्या हातात जे दिसलं, त्याचं बी इथलं.

पळणारा क्वार्टरबॅक म्हणून लमार जॅक्सनचं नाव आता कुणीतरी काढणारच, म्हणून मीच काढतो. त्याच्या बाल्टिमोर संघानं २०१९ मध्ये हल्ला कोच ग्रेग रोमनकडं दिला आणि सगळी मांडणी लमारच्या पायांभोवती केली. १,२०६ यार्ड त्यानं पळून काढले, वर ३६ टचडाउन पास. ही नक्कल तुम्हाला जमायची नाही, कारण फ्लॅगमध्ये स्नॅप (सेंटरनं प्ले सुरू करताना मागं दिलेला बॉल) घेतलेल्या क्वार्टरबॅकला बॉल घेऊन सुरुवातीच्या रेषेपलीकडं पळता येत नाही. तुमच्या पोरीचं पळणं यार्ड मिळवायला नाही, फेकायला कोन मिळवायला आहे.

पण लमारसाठी बाकीच्यांची कामंही बदलली होती. तीन-तीन टाइट एंड (अडवायचं आणि झेलायचं, दोन्ही करणारे) मैदानात उतरवायचे. कामं बदलायचं ते मात्र उचला. ती उजवीकडं सुटली की रिसीव्हरनं जागेवर उभं राहून हात हलवत बसायचं नाही. एकानं साइडलाइनकडं पाच यार्डांवर, दुसऱ्यानं त्याच बाजूला बारावर, तिसऱ्यानं डावीकडून मैदान ओलांडत तिच्याच दिशेनं यायचं. तिघंही एका नजरेत येतात, डावीकडं मान वळवायचं काम नाही. आणि सेंटरला विसरू नका. स्नॅप देऊन दोन पावलं पुढं जाऊन वळलेला सेंटर म्हणजे रशर अंगावर आल्यावरचा हक्काचा पास. त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही.

प्ले निवडायचे असे: प्ले-बुक तिच्याच हातात द्या. म्हणा, चौथा डाउन (शेवटचा प्रयत्न) आहे, ओलांडायची मध्यरेषा चार यार्डांवर आहे, तिथं पळायला बंदी म्हणजे पासच टाकायचा. यातलं काय घेशील? ज्यावर पटकन बोट ठेवेल ते पहिल्या डाउनपासून वापरा. ज्यावर ‘बघू’ म्हणेल ते फाडा.

डावा_कॉर्नर

वरचं बरंचसं पटलं, पण मी पुण्यात कॉलेजच्या संघातून बचावात खेळलोय, म्हणून दुसरी बाजू सांगतो. असली क्वार्टरबॅक समोर आली की दोन-चार प्लेमध्ये कळतं. मग मी तिच्या उजवीकडं ठाण मांडतो, आणि पोरगी कितीही भारी असो, तिकडं जागाच राहत नाही.

फेब्रुवारी २०१९ चा सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल आठवा. रॅम्सचा कोच शॉन मॅक्व्हेनं क्वार्टरबॅक जॅरेड गॉफचं काम सोपं करून ठेवलं होतं. आधी पळण्याचा देखावा, मग पास. शिवाय प्ले-क्लॉकवर (प्ले सुरू करायला उरलेला वेळ दाखवणारं घड्याळ) १५ सेकंद उरेपर्यंत हेल्मेटमधल्या रेडिओवर कोचचा आवाज. समोरच्या पॅट्रियट्सनं बचावाची मांडणी अशी केली की तो देखावा चाललाच नाही, आणि गॉफला स्वतःचं स्वतः वाचावं लागलं. रॅम्सना अख्ख्या सामन्यात ३ गुण. हरले १३-३.

तेव्हा डावीकडचा एक प्ले हवाच, पण तोही तिच्या हाताला जमणारा. सुरुवात हुबेहूब तशीच, उजवीकडं सुटायचं, बचाव ओढायचा, आणि मागं डावीकडं राहिलेल्याला रेषेजवळच बाजूनं छोटा पास. लांबचा नको, तो उलट्या अंगानं जातो आणि माझ्यासारख्याच्या हातात पडतो. किंवा पळता पळता उलट्या दिशेनं येणाऱ्याच्या हातात बॉल द्या. दोन्ही सुरुवातीच्या काही प्लेमध्येच एकदा दाखवून टाका, शेवटासाठी राखून ठेवू नका.

गोलपोस्टवाली

हँडबॉल मीही खेळलेय. त्या बॉल डगमगण्याचं कारण ताकद नाही, पकड आहे. हँडबॉल आपण अख्ख्या तळव्यात दाबून धरतो. हा बॉल तसा धरला की फिरकीच मिळत नाही. बोटांची टोकं शिवणीवर, आणि तळवा व बॉल यांच्यात फट दिसली पाहिजे. रोज सरावाच्या शेवटी थोडा वेळ भिंतीवर मारायला लावा. हे काम बाजूला चालू द्या, त्यासाठी प्ले थांबवू नका. आणि बाजूनं फेकायची सवय कुणी ‘सुधारायला’ जाऊ नका हो, तेच तर तिचं आहे.

होम_मैदान_सोलापूर

सगळ्यांचे आभार. प्ले-बुक तिच्या हातात दिलं. स्केचपेन घेतला आणि बेधडक फुल्या मारत गेली. राहिले मोजके, त्यात सेंटरचा छोटा पास तिनं सगळ्यात वर ठेवला. शिवाय एक स्वतःचं घातलंय: हँडबॉलमध्ये गोलकीपरला फसवतात तसा फेकायचा आव आणून हात मागं घ्यायचा. काल आमचा रशर त्यावर जागच्या जागी उडाला, ती आरामात बाजूनं निघाली. आता उंच पोराला रिसीव्हर केलंय, तोही खूश आहे, कारण बॉल छातीवर येतो.

फक्त एक. प्ले कुणी सांगायचा, मी बाहेरून का ती आत?

रात्रपाळीवाला

दोन सांगा, एक तिला निवडू द्या. रशर कुठल्या बाजूला उभाय ते तिला स्नॅपच्या आधी दिसतं, तुम्हाला बाहेरून अर्धंच दिसतं. तो उजवीकडं असेल तर सेंटरचा छोटा पास, डावीकडं असेल तर उजवीकडं सुटायचं. शहराच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पोरं संघात असतील तर हाका तेलुगूत मारा, पुण्याच्या संघापुढं बिनधास्त चालतील. सोलापूरच्याच संघाशी खेळताना मात्र नको बे, तिथं निम्म्यांना कळेल.