मदत हवी आहे: १९९६ चं नोटरी साठेखत, खरेदीखत राहून गेलं

नमस्कार मंडळी. घरात चार दिवस कुणाला धड झोप नाही, म्हणून इथे विचारतेय.

वडिलांनी १९९६ साली भोर तालुक्यात त्यांच्या चुलतभावाकडून सव्वा एकर घेतली. शंभराच्या स्टँपवर साठेखत (म्हणजे पुढे विकून देण्याचा करार), नोटरी, दोन साक्षीदार. पैसे पूर्ण दिले, ताबा त्याच दिवशी. "खरेदीखत सावकाश करू, घरातलाच व्यवहार आहे," असं काका म्हणाले, आणि ते राहूनच गेलं. तेव्हापासून भात आम्हीच लावतो, सातबारा मात्र काकांच्याच नावे. काका वारले. परवा 'आपली चावडी'वर (फेरफाराच्या नोटिसा दाखवणारी सरकारी वेबसाइट) पाहिलं तर त्यांच्या तिन्ही मुलांचा वारस फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची नोंद, लागलाय, हरकतीला पंधरा दिवस. धाकटा जमीन विकायची म्हणतोय, एजंट येऊन गेला.

हरकत घेतली तर जमीन वाचेल का? शेतसाऱ्याच्या पावत्या चालतील का? साठेखत आता नोंदवता येईल का?

प्रतिसाद १

ताई, कडू आहे पण स्पष्ट सांगतो. शंभर रुपये किंवा जास्त किमतीची जमीन विकली जाते ती नोंदणीकृत दस्तानेच, मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ५४. साठेखताने मालकी येत नाही, म्हणजे कायद्याने मालक आज ती तीन मुलं. ते साठेखत आता नोंदवता येणार नाही. मुदत चार महिन्यांची, दंड भरून आणखी चार.

हरकत द्या, तक्रारी (वादग्रस्त) नोंद होईल, पण मुलं खरे वारस असल्याने नोंद मंजूर होण्याचीच शक्यता जास्त. त्याने खचू नका, फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही. पावत्या जपा, ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतील.

तुमची खरी ढाल त्याच कायद्याचं कलम ५३अ. पैसे देऊन ताबा घेतला असेल तर विकणारा किंवा त्याचे वारस तो हिसकावू शकत नाहीत. २००१ च्या दुरुस्तीनंतरचं साठेखत यासाठी नोंदवलेलं लागतं, तुमचं त्याआधीचं आहे. मुद्रांक कमी पडला असेल तर कोर्टात दाखवायला तूट आणि दंड भरावा लागेल.

साठेखतात खरेदीखताची तारीख दिलीय का? नसेल तर खरेदीखत करून मागण्याच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत नकार कळल्यापासून मोजतात.

प्रतिसाद २

एक भर. आपल्याकडे दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी सरकार देत नाही. उद्या धाकट्याने बाहेरच्या कुणाला दस्त करून दिला तर तुमचं साठेखत दुय्यम निबंधकाच्या नोंदीत कुठे दिसणारच नाही. म्हणून आधी इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा उतारा) काढून बघा, आणि वकिलामार्फत वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, म्हणजे घेणाऱ्याला माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. दावा लावलात तर लिस पेन्डन्सची, म्हणजे जमिनीवर दावा चालू असल्याची, नोंदही करून घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. साठेखतात तारीख नाही, "मागाल तेव्हा करून देईन" एवढंच. थोरला आणि मधला सही द्यायला तयार आहेत, धाकट्याकडे रविवारी मामांना घेऊन जातोय. तिघांच्या सहीने एकच खरेदीखत करता येईल ना? मुद्रांक शुल्क आजच्या बाजारभावावर लागेल का?