मदत हवी आहे: गणपतीत धूप-कापराच्या धुरापासून कॉकॅटिएलना कसं जपू?

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे कॉकॅटिएलची (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटांची) जोडी आहे. ठाण्यात वन बीएचके, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये दार नाही. पिंजरा हॉलच्या खिडकीशी. यंदा गणपती पाच दिवसांचे बसवतोय, म्हणजे दोन्ही वेळा आरतीला धूप, कापूर, उदबत्ती आलीच.

गेल्या वर्षी शेजारी होम होता. धूर आमच्या खिडकीतून आत आला आणि नर पिसं फुगवून एका कोपऱ्यात बसला. चोच किंचित उघडी, प्रत्येक श्वासाला शेपटी वरखाली. बेडरूममध्ये नेल्यावर हळूहळू सावरला. तेव्हापासून धसका घेतलाय.

सासूबाईंचा या दोघांवर माझ्याइतकाच जीव. पण "कापराने हवा शुद्धच होते ना गं?" असं त्या अगदी मनापासून विचारतात. त्यांना एवढं सांगितलंय, की पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यामुळे श्वास घेताना आणि सोडतानाही फुप्फुसातून ताजी हवा वाहत राहते. उडायला लागणारा भरपूर प्राणवायू त्यातून मिळतो, आणि विषारी वायूही तसाच झपाट्याने रक्तात जातो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत विषारी वायूची चाहूल घ्यायला कॅनरी पक्षी ठेवत, ते याचमुळे.

नॉनस्टिक भांडी घरातून काढली आहेत. त्यांचा थर जास्त तापला की निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतात. डोसे बिडाच्या तव्यावर. डासांसाठी कॉइल आणि लिक्विड मशीन बंद, खिडक्यांना जाळी.

आता प्रश्न. पाच दिवस पिंजरा बेडरूममध्ये ठेवून दार लावलं, तर पुरे होईल का? एअर प्युरिफायर घ्यावा का?

प्रतिसाद

ताई, बेडरूमच योग्य. पण आरतीच्या दिवशी घाईने हलवू नका, दोन-तीन दिवस आधीच न्या, म्हणजे जागेची सवय होईल. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल लावा. आरतीच्या आधीपासून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सुरू ठेवा आणि नंतरही बराच वेळ चालू द्या, धूर तिकडे ओढला जाईल.

प्युरिफायर घेतलात तर हेपा फिल्टरचा घ्या, आयोनायझर किंवा ओझोनवाला अजिबात नको. ओझोन पक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक. हेपा धुराचे कण धरतो, वायू धरत नाही, म्हणून प्युरिफायर लावला तरी धूप कमी करावाच लागेल. शिवाय कॉकॅटिएलच्या अंगाची पांढरी पूड उडत असते, तिने फिल्टर लवकर भरतो.

कापराला खूप काजळी असते. सासूबाईंना तुपाच्या निरांजनावर आरती चालेल का, विचारून बघा. आमच्याकडे चालली.

आणखी एक, बेडरूमच्या कपाटात डांबरगोळ्या असतील तर आधी काढा. श्वासाला शेपटी हलताना पुन्हा दिसली, तर मोकळ्या हवेत नेऊन तडक पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे जा, सावरण्याची वाट बघू नका.

धागाकर्ती

खूप आभार! निरांजनाला सासूबाई लगेच तयार झाल्या. डांबरगोळ्या आजच काढते. बेडरूमला लागून बाथरूम आहे, तिथलं ॲसिड आणि फिनाईलही तेवढे दिवस बंद.

एकच राहिलं. पावसाळ्यात महापालिकेची फॉगिंगची गाडी संध्याकाळी येते. खिडक्या लावून घेतो, पण नंतर साधारण किती वेळाने उघडाव्यात? कुणाचा अनुभव असेल तर नक्की सांगा.