इंजिन धुतल्यापासून गाडी झटके खातेय, लवकर सांगा

कंदीपेढा (सातारा): काल वॉशिंग सेंटरला इंजिन धुऊन घेतलं. आज यवतेश्वर घाटात पिकअपच घेईना, झटके, वर पिवळी लाईट. उद्या पहाटे आईला डोळे तपासायला मिरजेला न्यायचंय. काय करू?

घाटवळण: गाडी कोणती? पेट्रोल की डिझेल? लाईट कसली?

हळकुंड (सांगली): रेल प्रेशर सेन्सरचा (डिझेलचा दाब मोजणारा) कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून पुसा. माझ्या डिझेलला हाच लोचा होता, पाच मिनिटांत काम.

घाटवळण: अहो, डिझेल आहे असं ते कुठं म्हणाले?

कंदीपेढा: पेट्रोल हो! पेट्रोलच असणार ना. लाईट इंजिनच्या चित्राची.

घाटवळण: स्थिर की लुकलुकते?

कंदीपेढा: लुकलुकते. त्यानं काय फरक पडतो?

घाटवळण: खूप पडतो. गाडी मिसिंग करतेय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जातं, तो तापून कामातून जातो. घाट बंद करा आधी. स्पार्क प्लग ज्या खोल भोकात बसतो त्या विहिरीत पाणी साचलं असणार. १० नंबरच्या टी पान्यानं एकेक कॉइल (प्लगला करंट देणारी, त्याच्या वर बसलेली) उचलून आत टॉर्च मारून बघा.

हळकुंड: डब्ल्यूडी-४० चा तेलकट स्प्रे मारा सगळीकडं, विषय संपला.

घाटवळण: कॉइलच्या रबरावर तेलकट काही मारू नका, रबर फुगतं. कपलरला काँटॅक्ट क्लीनर, म्हणजे वायरचे जोड साफ करायचा स्प्रे.

हळकुंड: वीस वर्षं मारतोय, कुठं काय फुगलं?

चहाटळ: मी इंजिनवर सिरॅमिक कोटिंग करून घेतलंय, धुवायची भानगडच नाही. रेट हवा का?

हळकुंड: २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत एकानं पाण्यातनं काढलेली गाडी तशीच सेल्फ मारून बघितली. इंजिनात पाणी, कनेक्टिंग रॉड वाकला. इन्शुरन्सला इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर नव्हतं, सगळा खर्च खिशातनं. तेव्हा बॅटरीची वायर काढल्याशिवाय पाणी मारूच नये.

कंदीपेढा: पूर नाही हो आलेला! कॉइल काढली, दोन नंबरच्या विहिरीत बोटभर पाणी आहे. प्लग खोलू का?

घाटवळण: थांबा!! प्लग खोललात तर ते पाणी थेट सिलिंडरमध्ये. आधी हवेनं उडवा, कपड्यानं टिपा, मग प्लग.

कंदीपेढा: हवा कुठनं आणू आता?

चहाटळ: पंक्चरवाला.

कंदीपेढा (रात्री ९.४०): पंक्चरवाल्यानं पाइप आत घातला तसं पाणी थेट माझ्या तोंडावर. प्लग काढून पुसला. कॉइलच्या रबरात आत थेंब होते, बायकोचा हेअर ड्रायर अर्धा तास. आता आयडलिंग स्थिर, पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारली, झटका नाही. लाईट पेटलेलीच आहे, पण लुकलुकत नाही.

घाटवळण: पी०३०२ (दोन नंबर सिलिंडरच्या मिसिंगचा कोड) गाडीत साठवलेला असेल, स्कॅनरनं पुसता येतो. उद्या परत लुकलुकली तर मात्र बाजूला घ्या.

कंदीपेढा: बरं. आणि हॉर्न घोगरा वाजतोय, त्याला पण ड्रायर लावू का?

हळकुंड: डब्ल्यूडी-४०.