बी विंग ग्रुप : आईंचा खोकला

बी-३०४ : नमस्कार मंडळी. सासूबाईंचा कोरडा खोकला तीन आठवडे झाले तरी जात नाहीये. ताप नाही, कफ नाही, पण छाती आवळल्यासारखी होते म्हणतात. आलं-मध, ज्येष्ठमध, सगळं करून झालं.

बी-१०२ : व्हायरल होऊन गेलं की खोकला रेंगाळतोच वहिनी. माझाही महिनाभर होता.

बी-६०१ डॉक्टर काकू : आधी सांग, जिना चढताना छाती जास्त आवळते का? हातात, जबड्यात कळ? घाम? असं काही असेल तर इथे लिहीत बसू नकोस, १०८ला फोन लाव.

बी-३०४ : नाही काकू. जिन्यावर काही नाही. पहाटे तीन-चारला उठून बसतात, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.

बी-६०१ डॉक्टर काकू : मग दमा बघायला हवा. काहींना दम्यात धाप लागत नाही, नुसता खोकलाच असतो. फुंकायची तपासणी करतात, स्पायरोमेट्री. बीपीची गोळी कोणती?

बी-३०४ : पट्टीवर रॅमिप्रिल लिहिलंय. दिवाळीनंतर बदलून दिली.

बी-६०१ डॉक्टर काकू : नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेल्या गोळ्यांनी काहींना असाच कोरडा खोकला येतो. पण आपल्या मनाने बंद करू नका, बीपी चढेल. डॉक्टर दुसरी देतील. शिट्टी मात्र गोळीच्या खात्यात टाकू नकोस, ती वेगळी तपासायची. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला म्हणजे टीबीचीही तपासणी करायची. सरकारी दवाखान्यात फुकट होते.

बी-४०३ : अगं, डक्टकडे कबुतरं आहेत का? आमच्या ह्यांनी वर्षभर कफ सिरप घेतलं. शेवटी सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसाला सूज दिसली. एसीच्या मागे घरटं होतं, वाळलेली विष्ठा आणि पिसांचा भुगा पंखा लावला की घरात यायचा. वेळेवर कळलं असतं तर त्यांची फुफ्फुसं इतकी खराब झाली नसती, ते आजही मनातून जात नाही.

बी-३०४ : आत्ता बघून आले. जाळीवर बोट फिरवलं तर पांढरी पूड लागली. आईंचा पलंग त्याच खिडकीला लागून आहे.

बी-६०१ डॉक्टर काकू : ते कोरडं झाडू नका, धूळ उडते. पाणी मारून, मास्क लावून काढायचं. आई तेव्हा खोलीत नकोत. आणि उद्याच छातीच्या डॉक्टरांकडे ने, गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या बरोबर घे. कबुतरांचंही आठवणीने सांग.

बी-३०४ : हो काकू. पलंग आजच हॉलमध्ये आणते. १०२ दादा, एक हात लावायला याल?

बी-१०२ : आलोच.