तुमच्या गावातलं 'इंडियन' कसं असतं? (फक्त ब्रिटनकरांसाठी)

जिलबीबाई
लेस्टरला सहा वर्षं राहून जीभ लाडावली होती. बेलग्रेव्ह रोडवर गेलं की खमण, कचोरी, फरसाण, हवं ते. १९७२ साली इदी अमीनने युगांडातून हाकललेली कितीतरी गुजराती कुटुंबं इथे येऊन स्थिरावली, त्यांची ही कृपा. आता नवऱ्याच्या नोकरीपायी वेल्समध्ये. परवा इथल्या 'इंडियन'मध्ये वेटरने विचारलं, "हाफ अँड हाफ?" मी आपली मान डोलावली. ताटात अर्धा भात, अर्ध्यात चिप्स (म्हणजे बटाट्याच्या फ्रेंच फ्राइज), वर करी! तुमच्याकडे काय? लिहा.

बंड्या बर्मिंगहॅमकर
स्पार्कब्रुकला या, बाल्टी खायला. बादली नव्हे हो! पातळ पत्र्याची छोटी कढई. मोठ्या आचेवर तेलात भराभर परतायचं आणि त्याच कढईत, खदखदतं, टेबलावर आणायचं. सत्तरच्या दशकात इथल्या पाकिस्तानी मंडळींनी रुजवलेली पद्धत. काटा-चमचा मागू नका, नान मोडून बुडवा. आम्ही चौघांत एक 'टेबल नान' मागवला, तो टेबलाच्या कडेवरून लोंबत होता. संपेना. उरलेला बांधून आणला, सकाळी त्याला कांदा-मिरचीची फोडणी दिली. फोडणीच्या पोळीपेक्षा बरा लागतो, बायकोला सांगू नका.

ग्लासगोचा गण्या
इथे सुरुवात पकोड्याने, सोबत गुलाबी सॉस. हॅगिसचा (मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा स्कॉटिश पदार्थ) पकोडासुद्धा मिळतो. चिकन टिक्का मसाला आमच्याच गावचा, असं इथले लोक छातीठोकपणे सांगतात. सांगू देत.

मडगांवची माय
विंदालूचं कोणी काढणार की नाही? आमच्याकडे विंदालू म्हणजे डुकराचं मांस, माडाचं व्हिनेगर, भरपूर लसूण, आणि खरी चव दुसऱ्या दिवशी. लंडनला ब्रिक लेनवर मागवला तर चिकन, त्यात बटाटा! "नावातच आलू आहे ना," वेटरदादा म्हणाला. तो सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा. इथली कितीतरी 'इंडियन' हॉटेलं सिल्हेटी लोकांचीच, आणि मद्रास, विंदालू, फाल या त्यांच्या मेनूवर नुसत्या तिखटाच्या पायऱ्या. तुम्ही घरी काय जेवता, विचारलं. मासे-भात, आणि शातकोरा लिंबू घातलेलं मटण. म्हटलं, मग हे मेनूवर का नाही? तो नुसता हसला. जाताना आतून वाटीभर माशाचा रस्सा आणून ठेवला, बिलात न लावता.

पोळीभाजी
ब्रॅडफर्ड. जुन्या कॅफेंत करीबरोबर चपात्या फुकट. मी इथून हलणार नाही.

जिलबीबाई
बंड्या, फोडणीच्या नानाची कृती टाका. उरलेल्या चिप्सचंही तसंच काही जमेल का?