गंजाचा रंग ठेवायचाय पण हाताला लागता कामा नये, काय मारू?

बगळेवाली: नमस्कार मंडळी, जुन्या बाजारातलं भंगार (बाईकच्या चेन, स्प्रॉकेट म्हणजे चेनची दातेरी चाकं, नट आवळायचे पाने, थोडे जीआय म्हणजे झिंकचा मुलामा दिलेले पाइप) वेल्ड करून पक्षी करतेय, सगळ्यात मोठा बगळा साडेचार फुटी. जुलैत बालगंधर्वच्या कलादालनात आमचा ग्रुप शो आहे, म्हणजे ऐन पावसात. गंजाचा विटकरी रंग मला हवाच आहे, पण आत्ता नुसता हात लावला तरी तळवा लाल होतो, गॅलरीचा पांढरा पेडस्टल खराब झाला तर बोलणी मलाच. आणि बगळा एका पायावर उभाय, कुणाचा धक्का लागला तर? नुसता क्लिअर लॅकर मारून भागेल का?

ग्राइंडरबाबा: भागेल पण तयारी नीट कर. सुटा गंज आधी वायर ब्रशने हातानेच काढ, ग्राइंडरला कप ब्रश लावलास तर रंगासकट सगळं उडेल. चेनमधलं ग्रीस ही खरी डोकेदुखी, वरून कोरडी दिसते पण कड्यांच्या आत तेल असतंच आणि त्यावर लॅकर धरत नाही, थिनरमध्ये बुडवून ठेव, मग उघड्या हवेत पूर्ण सुकू दे, थिनर पेट घेतो म्हणून हॉट एअर गन नको. व्हिनेगर-मीठ मारून गंज आणला असशील तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवायलाच हवं, मीठ राहिलं की लॅकरच्या खालून परत गंजतं. मॅट घे. रंग थोडा गडद होतोच, आधी एखाद्या पान्यावर मारून बघ.

भोसरीकर: ताई, पाय खालच्या प्लेटवर नुसता टॅक (वेल्डचा छोटा ठिपका) मारून उभा केलाय का? तसं नको. प्लेटला भोक पाडून रॉड आरपार घ्या, वरून आणि खालून दोन्हीकडून वेल्ड, खालचा वेल्ड घासून सपाट, नाहीतर प्लेट डुगडुगते. ६ एमएम प्लेट चौरस फुटाला साधारण ४.४ किलो भरते, म्हणजे २ बाय २ फुटांची साधारण साडेसतरा किलो, आणि पाय मधोमध न घेता थोडा मागे घ्या कारण चोच-मान पुढे असल्यामुळे भार पुढेच येतो. आणि ते जीआय पाइप!! वेल्ड करायच्या जागेचं झिंक आधी घासून काढा. तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप, आमच्याकडे गूळ खा म्हणतात पण गुळाने काही होत नाही, उघड्यावर काम करा आणि धुराचा रेस्पिरेटर घाला, साधा कापडी मास्क नाही चालत.

कसबापेठी: लॅकरला माझा विरोध, कितीही मॅट म्हटलं तरी प्लॅस्टिकसारखं दिसतं. शो छताखालीच आहे ना, मग पीस किंचित गरम करून मेणाचं पॉलिश चोळ, कापडाने पूस. बाहेर बागेत ठेवायचा असता तर गोष्ट वेगळी.

ग्राइंडरबाबा: @कसबापेठी मेण दिसतं भारी हे मान्य, पण येणारा प्रत्येक जण हात लावणार की! चोच, पाठ सारखी हाताळली की मेण निघतं. फारतर लॅकर सुकल्यावर वरून मेण.

बगळेवाली: @भोसरीकर दादा, टॅकच होता 😅 पण रॉड आरपार वेल्ड केला तर टेंपोत घालायचा कसा?

भोसरीकर: मग रॉडच्या टोकाला आटे पाडा, पायाजवळ वॉशर वेल्ड करा म्हणजे प्लेटवर टेकेल, खालून नट, प्लेट वेगळी न्या. नट आत बसेल एवढे जाड रबर पॅड चारी कोपऱ्यांना लावायचे. आणि पेडस्टल किती वजन घेईल हे गॅलरीत आधी विचारा, बरेचसे आतून पोकळ प्लायचे असतात, नाहीतर बगळा सरळ खाली फरशीवरच ठेवा.