मदत हवी आहे : अमेरिकेतल्या घोड्यांच्या रेससाठी पैसे देऊन कोणता डेटा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत राहतो. उन्हाळ्यात इथल्या मॉनमथ पार्क रेसकोर्सला जातो, एरवी घरी बसून न्यूयॉर्कच्या रेस खेळतो, म्हणजे ॲक्विडक्ट आणि साराटोगा या ट्रॅकवरच्या. खेळ छोटा आहे. शनिवारसाठी एक रक्कम बाजूला काढतो, ती संपली की खेळ बंद. अडलंय ते डेटापाशी, म्हणजे घोड्यांच्या आधीच्या रनच्या (धावांच्या) माहितीपाशी. इथे इतके जण माहिती विकतात की कोणाची घ्यावी ते ठरत नाही. महालक्ष्मीला आणि पुण्याला एक रेसचं पुस्तक घेतलं की बहुतेकांचं भागतं, इथे तसं नाही.

आतापर्यंत जे समजलंय ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

‘डेली रेसिंग फॉर्म’ हे रेसचं वर्तमानपत्र, १८९४ पासूनचं जुनं नाव. १९९२ पासून त्यात प्रत्येक रनपुढे बायर आकडा छापतात. ॲन्ड्र्यू बायर हे वॉशिंग्टन पोस्टमध्ये रेसवर लिहायचे. घोड्याने लावलेली वेळ घ्यायची, त्या दिवशी ट्रॅक वेगवान होता की जड, त्याचा हिशेब त्यात धरायचा आणि एकच आकडा काढायचा, ही त्यांची पद्धत. जितका मोठा आकडा तितका चांगला रन. ‘ब्रिसनेट’चे आकडे वेगळ्या मापाचे आहेत, पण घोडा पुढे राहून पळणारा की मागून येणारा, पहिल्या टप्प्यात किती वेगाने गेला, हे त्यांच्या कार्डात (दिवसाच्या रेसच्या पत्रकात) छान मांडलेलं असतं. ‘इक्विबेस’वर अधिकृत निकाल आणि रेसचे चार्ट फुकट मिळतात. आणि मग रॅगोझिन व थोरोग्राफ यांच्या शीट्स, ज्या इतरांपेक्षा बऱ्याच महाग. त्यात आकडा जितका लहान तितका चांगला, आणि घोडा वळणावर किती बाहेरून पळाला, पाठीवर वजन किती होतं, वारा कसा होता, हे सगळं त्या आकड्यात धरलेलं असतं.

माझा जीव या शीट्सवर जडलाय, आणि त्याचं कारण हे. समजा ६ फर्लांगची, म्हणजे आपली १२०० मीटरची रेस आहे. ‘अ’ घोडा रेलला (आतल्या कठड्याला) चिकटून पळाला, ‘ब’ सबंध वळण चौथ्या पाथवरून (आतून चौथ्या पट्ट्यातून), आणि दोघे एकत्र पोचले. दोघांनाही बायर ८० मिळणार. पण एका वळणावर एक पाथ बाहेर पळालं की साधारण एक लेंथ (एका घोड्याची लांबी) जास्त अंतर पडतं. म्हणजे ‘ब’ तीन लेंथ जास्त पळाला. या अंतराला एक लेंथ म्हणजे साधारण अडीच बायर, तेव्हा ‘ब’चा रन खरा ८७च्या आसपासचा. छापील कार्डात तो फरक आकड्यात येतच नाही, रनच्या शेवटी ‘चौथ्या पाथवरून’ एवढा शेरा तेवढा असतो.

शिवाय बायर सगळ्यांच्याच हातात आहे. इथे बहुतेक खेळ टोटवर चालतो, म्हणजे सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जातात आणि भाव आपण खेळणारेच ठरवतो. मोठा आकडा दिसला की घोडा फेव्हरेट होतो (सगळ्यांत जास्त पैसे त्याच्यावर लागतात) आणि भावात काही उरत नाही. मग जे कमी लोक वाचतात त्यासाठी जास्त पैसे मोजणं बरोबर की नाही? माझ्यासारख्या छोट्या खेळीला ते परवडतं का? दोन्ही वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

तुमचं बाहेरच्या पाथचं गणित बरोबर आहे. पण शीट घेण्याआधी पैशांचं गणित मांडा. न्यूयॉर्कला विनच्या पूलमधून १६ टक्के आधीच कापतात, एक्झॅक्टात (पहिला आणि दुसरा घोडा क्रमाने ओळखायचा) १८.५. दिवसाला १०० डॉलर विनवर लावलेत तर सरासरीने १६ तिथेच गेले. त्यावर माहितीला २० घातलेत तर शंभराला ३६ची तूट भरून काढायची आहे. इतका फायदा कुठलाच आकडा देत नाही. हजार लावणाऱ्याला तेच २० डॉलर दोन टक्के पडतात. या शीट्स त्याच्यासाठी आहेत.

तुम्ही ब्रिसनेटचं साधं कार्ड घ्या. काही ऑनलाइन खात्यांत ठरावीक रक्कम खेळली की कार्डाचे पैसे परत मिळतात, ते विचारून बघा. आणि बाहेरून कोण पळाला ते स्वतः टिपा. रिप्ले बघायचा, वळणावर थांबवायचा, आतून कितवा घोडा आहे ते मोजायचं. एकच ट्रॅक धरलात तर हे जमतं, चार ट्रॅकांवर नाही.

शीटचा मोह सुटत नसेल तर जुन्या दिवसाची मागा, काही जण नमुन्याला फुकट देतात. निकाल न बघता आधी साध्या कार्डावर घोडा निवडा, मग शीट उघडा. किती रेसमध्ये निवड बदलली, आणि बदललेल्या घोड्याचा भाव काय होता, एवढंच लिहून ठेवा. निवड बदलतच नसेल तर पैसे वाचले.

आणि कृपा करून फोनवर ‘आजचा पक्का घोडा’ विकणाऱ्याच्या नादी लागू नका. तो डेटा नव्हे. आकडा कसा काढला हे जो सांगत नाही त्याला एक डॉलरही देऊ नये.

धागाकर्ता

मनापासून आभार. ३६चा हिशेब असा मांडलाच नव्हता. या मोसमात फक्त मॉनमथ धरतो आणि वळणावर रिप्ले थांबवून टिपणं काढतो.

एक मात्र अजून विचारायचंय. टर्फवर (गवताच्या ट्रॅकवर) पहिला अर्धा भाग सगळे सावकाश जातात आणि शेवटी धावतात, त्यामुळे एकूण वेळेवरून काढलेला आकडा तिथे फसवा वाटतो. टर्फच्या रेसला तुम्ही शेवटच्या टप्प्याची वेळ वेगळी काढता, की आकडे बाजूला ठेवून ट्रेनर-जॉकी बघता?